तो घर का सोडतो?

आमच्या हौशी नाटक मंडळात तालमीच्या वेळी दिग्दर्शक पात्राला प्रश्न विचारतात आणि नटाने पात्र होऊनच उत्तर द्यायचं असतं. आजारी बायकोला सोडून जाणाऱ्या नवऱ्याचं काम पूर्वी आमचे हे करत. हे गेले, आणि ते काम सतीशकडे आलं.

काल दिग्दर्शक नानांनी विचारलं, "का रे, निघालास कुठे तिला टाकून?"

"भ्यायलो, नाना."

"वा रे पळपुट्या!" सगळे हसले.

याच प्रश्नाला हे म्हणायचे, "तिचे हाल बघवत नाहीत मला." तेव्हा तो माणूस मला प्रेमळ वाटायचा. काल सतीशचंही खरं वाटलं. मग ते प्रेम त्या पात्राचं होतं, की यांनी आपलं त्याला दिलं होतं? आता विचारू कुणाला?

"वहिनी, कुणाचं पटलं?" नानांनी विचारलं. "तो प्रवेश पुन्हा बघू दे," मी म्हटलं. सतीश पुन्हा दारातून निघून गेला. त्याचा राग करावा की त्याला थांबवावं, काही सुचेना.