पूल वर, बाजार खाली

“मॅडम, आमच्या बापजाद्यांनी हितूनच नदी ओलांडली. मंग तुमचा पूल तिकडं वर कशाला?”

विचारणाऱ्या सुमनबाई गावच्या उपसरपंच. कादवा नदीच्या काठी, त्यांच्याच चहाच्या हॉटेलसमोर बैठक भरली होती. मी पुलांची डिझाइनं करते. नाशिकला आमचं छोटं कन्सल्टन्सी ऑफिस आहे आणि निफाड तालुक्यातल्या या पुलाचं काम आमच्याकडे होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी खाली बसले आणि काडीने मातीत नदी काढली.

पूर्वी बैलगाडीला नदी ओलांडायची तर पात्र रुंद आणि पाणी उथळ असलेली जागा शोधावी लागे. तिला उतार म्हणतात. दिंडोरीकडून लांबच्या बाजाराला निघालेल्या गाड्या या उतारावर थांबत. बैल सोडले जात, पाणी पीत. नदी चढलेली असली तर ओसरेपर्यंत मुक्काम. मुक्कामाच्या लोकांसाठी दुकान आलं, गाड्या मोडायच्या म्हणून सुतार-लोहार आले, मग गुरुवारचा बाजार भरू लागला. गाव वसलं ते असं. पुढे उतारावर फरशी झाली. फरशी म्हणजे बुटका पूल. पूर आला की पाणी तिच्यावरून वाहतं आणि दोन्ही काठांची माणसं आपापल्या जागी अडकतात.

मोठ्या पुलाचं गणित उलटं असतं. त्याला पात्र अरुंद लागतं आणि पायाखाली खडक. आम्ही बोअर घेतले होते, म्हणजे जमिनीत भोकं पाडून खालचे नमुने काढले होते. उतारापाशी खोलवर वाळू आणि गाळच. वर, नदी वळते तिथे, थोडं खणलं की काळा पाषाण.

“म्हंजे गाडीला जी जागा चांगली, तीच पुलाला वाईट,” सुमनबाई म्हणाल्या.

“बरोबर.”

“पण पूल वर गेला की रस्ताबी वरच जाणार,” मागून एक दुकानदार ओरडला. “बाजाराला कोण वळंल? पूल हितंच करा, नायतर नका करू!”

दोघाचौघांनी माना डोलावल्या. सुमनबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

“नका करू म्हनू नको. मागच्या पावसाळ्यात माझ्या सुनेला कळा लागल्या, तवा फरशीवरून पाणी चाललं व्हतं. दवाखाना पल्याड. पाणी उतरंपर्यंत आम्ही या काठाला बसून. पोर हाती लागलं नाय.” त्यांनी त्या दुकानदाराकडे पाहिलं. “पूल पायजेच. कुठं बी करा.”

बैठक तिथेच मोडली. मीही कागद गुंडाळले.

परतताना गाडीत मला राहून राहून वाटत होतं, खडक हलवता येत नाही, पण रस्ता तर आपणच आखतो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या देवरेसाहेबांपुढे नकाशा पसरला. अप्रोच रोड, म्हणजे पुलापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा जोडरस्ता, आम्ही शेतांतून सरळ नेला होता. मी त्याला वळण देऊन तो बाजारातून काढला.

“लांबी वाढली. शिवाय वळण. स्पीड पडणार,” साहेब म्हणाले.

“वस्तीत स्पीड कमीच बरा, सर.”

“आणि मध्ये काय येतंय?”

“एक इमारत.”

“मालक तयार आहे?”

“विचारलं नाही अजून.”

“मग आधी विचारा. नंतर मी पाहतो.”

इमारत म्हणजे सुमनबाईंचं हॉटेल. मी विचारायला गेले. त्या भजी तळत होत्या. मी काहीही न लपवता सांगितलं.

“रस्ता गावात आणायचा तर हाटेल जातंय?”

“हो.”

“आन रस्ता गावाभाईर गेला तर?”

“हॉटेल राहील.”

“आन गिऱ्हाईक?”

त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटला. “मंग काय, रिकाम्या हाटेलात मी एकटीच चा पित बसू?”

हसल्या, पण लगेच मागे वळून भिंतीकडे बघत राहिल्या. “आमच्या मालकांनी आन मी मिळून बांधलंय हे. ते असते तर लय भांडले असते तुमच्याशी.” मग म्हणाल्या, “द्राक्षांचा हंगाम सरू द्या. मजुरांची सकाळची न्याहारी हितंच असती. मंग पाडा.”

देवरेसाहेबांनी शब्द पाळला. ते स्वतः बांधकाम खात्याच्या वरच्या ऑफिसात जाऊन भांडले आणि वळण मंजूर करून आणलं.

आता पूल होऊन बाजार सावरला आहे. सुमनबाईंनी रस्त्याच्या वळणावर नवं हॉटेल टाकलंय. वळण असल्यामुळे गाड्या तिथे हळू होतात आणि बऱ्याचशा थांबतात. पुरातही दवाखान्याची वाट तुटत नाही. पण पलीकडच्या काठावर फरशीलगत एक छोटी वाडी होती. तिच्यापर्यंत रस्ता वळवायला आम्हाला जमलं नाही. कारण तिकडची काळी माती दर पुरात कापली जाते. वाडीतली बहुतेक घरं एकेक करत पुलाजवळ सरकली. राहिलेल्यांना पुलावरून जाणारी एसटी पकडायला आता लांबवर चालावं लागतं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण चहालाही बोलावलं नाही.

हल्ली नव्या साइटवर गेले की मी पुराची पातळी नंतर विचारते. आधी विचारते, बाजार कुठे भरतो. पातळी काय, ती मोजता येते.