दुधीचं नरफूल

बाल्कनीतल्या दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमललं, की त्याच्या उग्र वासानं शिरगावची आमची वाडी आठवते. मी आठ वर्षांची होते. काका तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर जात. लग्नाला नऊ वर्षं होऊनही काकीला मूल नव्हतं, म्हणून आई तिला बी पेरू देत नसे, वेलीलाही शिवू देत नसे.

त्या वर्षी दुधी बोटाएवढे होऊन गळत होते. एका संध्याकाळी काकीनं गुपचूप एक फूल खुडलं आणि दुसऱ्या फुलात हलकेच फिरवलं. "हा नर. याची भुकटी लागली नाय तं तिला फळ धरत नाय," ती मला म्हणाली.

मग रोज संध्याकाळी ती तसंच करी. पंधरा दिवसांत वेल लगडली. मी कौतुकानं आईला सगळं सांगून टाकलं. आईनं उठून वेल मुळासकट उपटली आणि कोवळे दुधी उकिरड्यावर फेकले. "वांझेच्या हातचं माज्या पोरांना नको." दारातून काकी माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढं काकांनी दुसरी बायको केली. तिलाही मूल झालं नाही. मग आईनं तिलाही वेलीजवळ फिरकू दिलं नाही.