अप्रकाशित काका

माझी मावशी एका वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिते. हे पाहुण्यांना सांगायची सोय नाही, ते हातातला कप खाली ठेवतात. त्यातून ती हे लेख माणूस जिवंत असतानाच लिहून ठेवते, हे कळलं की उठूनच जातात. पण तिचा इलाज नाही. मोठी माणसं अवेळी जातात, ऐन वेळी कुणाला काय विचारणार? म्हणून वय झालेल्यांचे लेख तयार असतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर मावशीनं एक शब्द टाइप केलेला असतो : अप्रकाशित.

तिच्या कचेरीत त्यामुळे या शब्दाचा अर्थ 'जिवंत' असा झालाय. संपादक सहज विचारतात, "आपले माजी महापौर?" मावशी म्हणते, "अप्रकाशित आहेत. काल तर भाषण ठोकलं."

'अभूतपूर्व' या शब्दावर मात्र तिचा राग. नव्या वार्ताहरानं 'अभूतपूर्व हानी' लिहिलं की ती म्हणते, "अरे, ज्याच्या घरचं माणूस जातं त्याला ते दर वेळी अभूतपूर्वच असतं. काढ ते."

लेखाची शेवटची ओळ ती सगळ्यात आधी लिहिते. 'त्यांच्या पश्चात' कोण कोण आहे, ती ओळ. त्यात सुनेचं नाव राहिलं तर घरं फुटतात, म्हणते.

नोकरी लागल्यापासून मी मावशी-काकांकडेच राहतो. गेल्या महिन्यात एका सकाळी काका दाढी करत होते. बेल वाजली. अर्ध्या गालावर फेस घेऊन त्यांनीच दार उघडलं. समोरच्या वहिनी हातात मोबाइल धरून रडत उभ्या होत्या. काकांना बघताच त्यांनी अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातला टॉवेल पडला. त्या मटकन खाली बसल्या, दारातल्या चपलांवरच.

"अहो, तुम्ही तर गेलात ना!"

मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर काकांचा फोटो, 'अप्रकाशित' या शब्दाच्या पुढे त्यांचं पूर्ण नाव आणि खाली एकच ओळ : 'त्यांच्या पश्चात पत्नी'. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

झालं होतं ते असं. कचेरीत आदल्या दिवशी नवी संगणक-व्यवस्था आली होती. तिच्यात लेख रोखून धरायचा तर चौकोनात खूण करावी लागते. मावशी रोखायची शब्दानं. यंत्राला तो मथळ्याचाच भाग वाटला आणि त्यानं सगळे लेख सोडून दिले. शहरातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी एका दमात वारली होती. मावशीचा फोन थांबेना. एका वृद्ध नटीचाही आला. "फार छान लिहिलंयस गं. दुपारपर्यंत राहू दे ना."

काकांनी मात्र ती ओळ पुन्हापुन्हा वाचली.

"हे लिहिलंस कधी?"

"तुमचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा. बाहेर बसून," मावशी कशीबशी म्हणाली.

"आणि एवढंच? त्या वाळूच्या ठेकेदाराला दोन रकाने दिलेस. त्याच्या कुत्र्यावर परिच्छेद आहे! मला एक ओळ, तीही अर्धी?"

मला हसू येत होतं, पण काकांचा आवाज फाटला आणि ते जागच्या जागी विरलं. मावशी तशीच कचेरीत निघून गेली. लेख उतरवले, शंभर जणांची माफी मागितली. संध्याकाळी परत आली तर काका जेवलेले नव्हते. संगणकासमोर दोन खुर्च्या मांडून बसले होते.

"पूर्ण कर. मी सांगतो."

ती बसली. फोनवर लोकांना विचारते तसं सवयीनं विचारू लागली. जन्म? शाळा? "पहिली नोकरी?" म्हणाली आणि स्वतःच टाइप करू लागली, 'गॅरेज'.

"गॅरेज नव्हे. त्याआधी शववाहिका चालवायचो."

मावशीचा हात थांबला.

"काय?"

"महापालिकेची."

"लग्नाच्या वेळी सासूबाई गॅरेजात ड्रायव्हर म्हणाल्या होत्या!"

"मग? ड्रायव्हरच होतो."

"आणि इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू घरी आलीस की दिवसभराची मेलेली माणसं सांगायचीस. मी कशाला त्यात भर घालू? आणि तू तरी कधी विचारलंस?"

अनोळखी घरांत रोज विचारायचा तो प्रश्न आपल्या घरात तिनं कधीच विचारला नव्हता. ती हळूच म्हणाली, "मागच्या माणसाशी बोलायचात?"

"खड्डा आला की सांगायचो. सांभाळा, म्हणायचो."

मावशीनं डोळे पुसले आणि तो खड्डा टाइप केला. मग मला हाक मारली, "आधी चौकोनातली ती खूण कर रे. आणि नीट बघ."

मी खूण केली, दोघांना दाखवली. काकांनी खात्री करून घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

"हं, लिही आता. शववाहिकेच्याही आधी एक नोकरी होती."

मावशीचा हात पुन्हा थांबला.