चौदा जुलैची रिकामी चौकट

धुमकवाडीच्या आक्कानं पाच दिवस पावसाचा आकडा कळवला नव्हता, आणि पाच दिवस पवित्राचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी लेकीचा डबा भरताना तेच, शिवाजी पेठेतून पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला चालत जाताना तेच. एकटी बाई. घर ओढ्याच्या काठाला. पाय घसरून पडली असेल का? तापानं फणफणली असेल का? आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, ती पवित्रा स्वतःशीही उच्चारत नव्हती. आक्का धडधाकट असेल, आणि तिनं मोजायचंच सोडलं असेल तर?

आकडा चुकवणारी ती बाईच नव्हे. पावसाळ्यात जिल्हाभरातून पवित्राच्या टेबलावर फोन यायचे. कुणी अकराला उठून सांगायचं, कुणी म्हणायचं, "कालच्याएवढाच धरा की." आक्काचा फोन मात्र नऊच्या आत, गावातल्या किराणा दुकानातून.

"धुमकवाडी. बेचाळीस पूर्णांक सहा. लिवलं? वाचा बगू परत."

वाचून दाखवल्याशिवाय ती फोन ठेवायची नाही.

आक्का मूळची हुपरीची. घरात चांदीचं काम. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून ती आईशेजारी बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. एक कडी वाकडी बसली तर आख्खी जोडी परत यायची, आणि पाठीत धपाटा मिळायचा तो वेगळाच. सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन पन्हाळ्याच्या मागं, डोंगरातल्या धुमकवाडीला आली. नवरा केरबा तिथल्या सरकारी बंगल्याचा चौकीदार होता. त्र्याऐंशी साली बंगल्याच्या अंगणात पर्जन्यमापक बसवलं. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून रेघ वाचायची. केरबाला अक्षरओळख नव्हती. त्यानं साहेबासमोर बायकोकडं बोट दाखवलं. तेव्हापासून रजिस्टरात सही केरबाची आणि आकडे आक्काचे.

"सही शिकवलीया त्यास्नी," ती एकदा पवित्राला म्हणाली होती. "आकडे शिकवाय गेले असते तर संसार मोडला असता."

त्यांना एकच मूल, क्रांती. नऊ वर्षांची. चौऱ्याण्णव सालच्या जुलैत, चौदा तारखेला, रात्रभर कोसळणारा पाऊस सकाळी जरा उघडल्यासारखा झाला म्हणून पोरगी दप्तर घेऊन शाळेला निघाली. शाळा ओढ्यापलीकडं. आठच्या सुमाराला ओढ्यावरचा साकव वाहून गेला. साडेआठला आक्का काठाकाठानं हाका मारत पळत होती. पोरगी संध्याकाळी सापडली, दोन मैल खाली, बाभळीच्या मुळांत अडकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आक्का घरातून उठली आणि मापकाकडं गेली. ओसरीवर माणसं बसलेली. बाटली काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडलं होतं. किती वाहून गेलं ते कळायला मार्ग नव्हता. केरबा म्हणाला, "टाक की अंदाजे, दीडशे म्हण." आक्कानं चौदा तारखेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'मोजलं नाही.' मग बाटली रिकामी करून, पुसून, परत जागेवर ठेवली.

हे गावानं पाहिलं आणि गाव ते विसरलं नाही. "पोरगी गेली आणि हिला पावसाचं पडलंय," बायका म्हणायच्या. पुढं केरबाही गेला, दोन हजार तीन साली. आक्का तुटपुंज्या मानधनावर मोजत राहिली. चोवीस वर्षांत एवढी एकच रेघ.

ती रेघ पवित्रानं पाहिली होती. नव्याण्णव साली.

पवित्रा संख्याशास्त्राची पदवीधर. जुनी रजिस्टरं संगणकात भरायचं काम निघालं तेव्हा ती कंत्राटावर लागली. दिवसाला दहा वर्षांचे आकडे भरायचे. धुमकवाडीचं रजिस्टर भरताना तिला गंमत वाटली होती, इतकं सुबक अक्षर, खाडाखोड कुठंच नाही. चौदा जुलैला आली आणि थांबली. चौकट रिकामी ठेवली तर संगणक पुढच्या दिवसावर जाऊ देईना. तिनं साहेबांना विचारलं.

"शून्य टाका, बाई. नंतर बघू."

"सर, शेजारच्या दोन्ही गावांना त्या दिवशी दीडशेच्या वर आहे."

"म्हणून तर म्हणतोय, नंतर बघू."

शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे माहीत नाही. हा फरक तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवला होता. पण दुपारी शेजारणीचा फोन आला होता. लेकीला, चार वर्षांच्या सौंदर्याला, ताप चढला होता, 'अव्वा अव्वा' करत आईला बोलावत होती. पवित्रानं शून्य दाबलं, रजिस्टराला 'तपासणे' अशी चिठ्ठी लावली आणि घर गाठलं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. रजिस्टरं महिन्याभरानं रद्दीत गेली, चिठ्ठीसकट. ती नोकरीत कायम झाली आणि शून्य आकड्यांत कायम झालं.

आता जुने आकडे कुणालाही मागता येत होते. धुमकवाडीच्या मास्तरांनी शाळेतल्या मुलांसाठी गावाचा पाऊस मागवला. भिंतीवर तक्ता लावायचा म्हणून वर्गात एकेक वर्ष मोठ्यानं वाचलं. त्यातून ते शून्य गावात गेलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आक्का स्वतः ऑफिसला आली. नऊवारी, चपला हातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. नव्या साहेबांच्या टेबलावर तिनं तो उलगडला आणि बोट ठेवलं.

"हे शून्य कुणी घातलं?"

साहेबांनी चष्मा वर केला. "मूळ रजिस्टर नाही, आक्का. पुराव्याशिवाय बदलता येत नाही. आणि एका दिवसानं काय बिघडतंय? पंचवीस वर्षांच्या सरासरीत ते कळतसुद्धा नाही."

"सरासरीत न्हाय कळत, व्हय," आक्का म्हणाली. "माझी एकच हुती."

साहेबांनी कागद तिच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "पवित्राबाई, यांना चहा सांगा."

चहा पिताना आक्कानं पवित्राकडं पाहिलं. "तुमी कापूटरवाल्या. तुमास्नी ठावं असंल. कुणी घातलं असंल, बाई?"

"फार जुनं काम आहे, आक्का. तेव्हाची माणसं आता कुठं सापडणार?"

हे वाक्य पवित्राच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"गावात म्हंत्यात, पोरगी वाहून गेली त्या दिवशी हिनं पाऊस न्हाय म्हणून लिवलं. मानूस न्हवं ही." आक्कानं बशी खाली ठेवली. "शिव्या द्या म्हणावं, चालंल. पर मी जे बगितलं न्हाय ते कदी लिवलं न्हाय. माझ्या घरच्या वहीत रेघच हाय. ती कुणाला दावू? माझीच वही, मीच साक्षीदार." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आता मोजून तरी काय करायचं?"

त्यानंतर काही दिवस फोन आले. आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा. वाचा परत, असं ती म्हणेनाशी झाली. मग फोनच बंद झाले.

सहाव्या दिवशी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सौंदर्या आता बारा वर्षांची होती. सकाळी पावसात सायकल काढताना पवित्रानं तिला तीनदा हाक मारून परत बोलावलं होतं. शेवटी पोरगी चिडली, "अव्वा, शाळेलाच चाललेय मी." ते वाक्य अजून पवित्राच्या कानात होतं. क्रांतीही शाळेलाच चालली होती.

समोरच्या टेबलावर सयाजीराव तक्ता भरत होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले.

"पवित्राबाई, धुमकवाडीचं काय करू? साहेबांना बाराला तक्ता पाहिजे. शून्य टाकतो, नंतर बघू."

पवित्राच्या हातातलं पेन थांबलं.

"नका टाकू."

"सहा दिवस रिकामे? तक्ता फाटका दिसतोय की."

"दिसू दे. आलं नाही ते आलं नाही." तिचा आवाज चढला तसं सयाजीरावांनी वर बघितलं. "आणि आज एक अर्ज देणार आहे साहेबांकडे, तो आवक रजिस्टरात घ्या. चौऱ्याण्णवच्या चौदा जुलैचं. रजिस्टरात रेघ होती. शून्य मी घातलं. रेघ मी डोळ्यांनी पाहिलीय."

सयाजीरावांनी तक्ता बाजूला सारला. "आठ वर्षं झाली त्याला. मेमो काढतील, बाई."

"काढू देत."

"आधी त्या आक्काला तरी विचारा, काय म्हणते. अर्जासोबत तिची वही लागंल."

हेच तर तिला सहा दिवस जमलं नव्हतं. आक्काची काळजी वाटत होती हे खरं. पण फोन उचलताना वाटणारी भीती आक्काच्या तब्येतीची नव्हती. आक्का धडधाकट निघाली, दुकानापर्यंत आली आणि तिनं 'कोन बोलतंय' विचारलं, तर त्यापुढं बोलावं लागणार होतं.

तिनं डायरी काढली. 'धुमकवाडी, किराणा दुकान. आक्काला हाक मारावी लागते, थांबावं.' तिचंच अक्षर.

बाहेर पाऊस लागला होता. धुमकवाडीत याच्या दुप्पट असणार. बाटली सहा दिवसांत भरून वाहिली असणार, किंवा आक्का रोज साडेआठला नेमानं ती रिकामी करून वहीत आकडा लिहीत असेल आणि फक्त कळवत नसेल. पवित्रानं खुर्ची ओढली, फोन जवळ घेतला आणि दुकानाचा नंबर फिरवायला सुरुवात केली.