माहेरची पायली

सातवीत असताना मी स्वतःला भारी शहाणी समजायचे. एककांची गणितं वर्गात माझ्याइतकी झटपट कुणाला सुटायची नाहीत, आणि शाळेतली ही हुशारी घरी येऊन पाजळल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

आमचं घर सुरतेत, लिंबायतच्या बाजूला. वडील लूमवर कामाला. गल्ली निम्मी खानदेशी, त्यामुळे घरात अहिराणी, ओट्यावर गुजराती आणि शाळेत बाईंना आवडेल ती मराठी, असा माझा कारभार. वडील दिवसभर मीटरात कापड विणायचे, पण आईला पोलक्याचं कापड लागलं की ती दुकानात हटकून वारातच मागायची. दुकानदार म्हणायचा, "माजी, मीटरमां बोलो." आई म्हणायची, "मला पोलकं शिवायचंय, तुझा मीटर नाही." मी लाजेने अर्धी व्हायचे.

दर वर्षी होळीच्या सुमाराला अमळनेरकडच्या गावाहून मामा दादर पाठवायचा. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिच्या भाकरीपुढे आईला सुरतेचे गहू म्हणजे भुसा वाटायचे. भुसावळच्या गाडीने गावचं कुणीतरी पोतं घेऊन यायचं, आणि सोबत ठरलेला निरोप असायचा: बहिणीच्या बारा पायल्या. आजोबांनी लेकीला लावून दिलेला तो वाटा होता. आईने ते पोतं एकदाही मोजलं नव्हतं. माहेरचं मोजायचं नसतं, एवढंच ती म्हणायची. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, दाणे नाकाशी न्यायची आणि दोन-तीन दिवस तिच्या तोंडी माहेराशिवाय दुसरा विषय नसायचा. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यायची. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात. आई वर्षभर सुरतेत राहायची ती त्या आठ दिवसांच्या आशेवर.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मामाच्या गावात तोवर धान्य पायलीनेच द्यायचे-घ्यायचे, पण त्या वर्षी तिथे मोठा काटा बसला आणि सगळं किलोवर गेलं. पोतं आलं ते निळ्या शाईने पन्नास लिहून. निरोपही तसाच, पन्नास किलो. पायल्यांचा उल्लेखच नाही. आई त्या आकड्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"पन्नास किलो म्हंजे कितल्या पायल्या वं?" तिने मला विचारलं.

झालं! मला कुणीतरी विचारायचीच खोटी होती. फळीवरची आमची लोखंडी पायली मी काढली, दादरीने शिगोशीग भरली, पिशवीत ओतली आणि पळत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेली. साडेचार किलो. बाराने गुणलं, चोपन्न. धापा टाकत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "चार किलो कमी! मामाने जवळजवळ एक पायली मारली!"

मारली हा शब्द माझा. आईच्या मनात तसलं काही नव्हतं. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या दिवशी आईने पोत्यात हात घातला नाही. रात्री जेवताना वडील म्हणाले, "अगं, चार किलोचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली, "चार किलोचं नाही." एवढंच. पुढे मामाचं पत्र आलं, आखाजीला कधी निघतेस म्हणून. मग दुसरं आलं. त्यात आजीने सांगून लिहवलं होतं की झोका बांधून ठेवला आहे. आईने एकाचंही उत्तर दिलं नाही. आखाजीच्या दिवशी तिने पुरणपोळ्या केल्या, आम्हाला वाढल्या आणि स्वतः डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून निजली.

पोळ्याच्या आधी आजी गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मामीने आईला कवटाळलं आणि रडता रडता सांगून टाकलं, म्हातारी शेवटपर्यंत एकच विचारत होती, "आखाजीले काबर नही उनी?" आखाजीला का नाही आली? मामा बाजूला मान खाली घालून उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकासाठी दळण काढायचं होतं. बायका कणगीपाशी बसल्या. मामीने कोपऱ्यातली जुनी पायली पुढे सरकवली. आजीच्या हातची, काठाला पोचे आलेली. आईने ती घेतली आणि सवयीने पहिलं माप भरायला लागली. "लाभ," ती म्हणाली, कारण मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण हात अजून दाणे ओढतच होता आणि पायली केव्हाच भरली होती. दादर काठावरून घळाघळा जमिनीवर सांडली.

आई थांबली. पायली रिकामी केली, पुन्हा भरली. पुन्हा सांडलं.

मग माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही पायली लहान होती. आमची सुरतेतली पायली होती आईच्या सासरची, दुसऱ्या तालुक्यातली. गावोगाव पायली वेगळी असते हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र किलो तेवढा ठाऊक होता, आणि किलो सगळीकडे सारखाच. मामाने बाराच पायल्या पाठवल्या होत्या. दर वर्षी तेवढ्याच.

आता आई मामाला काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. ती सांडलेले दाणे गोळा करत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, "मन्ही मायनी पायली माले याद नही राहिनी." मग तिला जे रडू फुटलं, तसं ती आली त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिथून उठून गोठ्यामागे जाऊन बसले. चूक माझी होती, आणि आई ती स्वतःच्या हाताच्या नावावर घालत होती.

निघताना मामाने ती पायली आईच्या पिशवीत ठेवली. "आते सर्वं काटावरच मोजतस," तो म्हणाला. "तू ली जाय."

सुरतेत आमच्याकडेही पुढे सगळं किलोनेच येऊ लागलं. आईने आजीची पायली रोजच्या वापरात कधी घेतली नाही. पण आखाजीच्या दिवशी, सगळ्यांची जेवणं झाली की, ती दादरीच्या डब्यासमोर बसायची, पायली भरायची, तळहाताने शीग सारखी करायची आणि म्हणायची, "लाभ." मग ओतून टाकायची. पुन्हा भरायची, पुन्हा "लाभ." दोन म्हणायची वेळ ती कधी येऊ द्यायची नाही. हाताला माप परत यावं म्हणून ती हे करते, हे मला कळत होतं. मी दारात उभी राहून बघायचे. एकदा तिने मला बोलावलं, पायली माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "भर. तुझ्या हाताला तरी राहू दे."