भिंतीपलीकडचा ड्रम

रोज सकाळी तासभर आनापानाला बसायचा माझा नेम अकरा वर्षांचा आहे. श्वास आला, श्वास गेला, एवढंच पाहायचं, आणि उठण्याआधी मंगल मैत्री द्यायची, म्हणजे सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतायचं. मी मुंग्यांचं भलं चिंतत असे, पालींचंसुद्धा चिंतत असे. फक्त शेजारच्या मंदापाशी आलं की माझी मैत्री भिंतीलाच अडायची. विहारातल्या बायका म्हणायच्या, तुमच्या चेहऱ्यावर किती शांती आहे. मला शरम वाटायची, आणि लगेच वाटायचं, दुसरी कुणी शेजारीण असती तर ती शांती आतपर्यंतही पोचली असती! अकरा वर्षं डोळे मिटून एवढंच पदरात पडलं असेल तर बसावं तरी कशाला, असा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात छळत होता.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला पाण्याचं वेगळं सांगायला नको. नळाला पाणी येतं तो दिवस आमच्या वसाहतीत सणासारखा. त्या दिवशी कुणी पाहुण्याला 'या' म्हणत नाही. आमची घरं डोंगराच्या उतारावर, माझं खाली आणि मंदाचं जरा वर. माझ्या घरी आई होती, अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. तिच्या चादरी आणि दुपटी रोज धुवावी लागत. आणि नेमकं पाणी आलं की अर्ध्या तासात मंदाची मोटार घुरघुरायला लागायची, थेट नळालाच जोडलेली. तसं जोडायला बंदी आहे, पण जोडणारे जोडतात. ती सुरू झाली की माझा नळ पाणी सोडायचं विसरून हवा ओढत बसायचा.

मंदा पैठणकडच्या शेतकरी घरातली. नवरा वाळूजला कंपनीत, दोन लेकरं शाळेत. मी तिला दोनदा तोंडावर सुनावलं. ती म्हणायची, "ताई, मोटार नाय लावली तर आमच्याकडं थेंब येत नाय." मला ती थाप वाटायची. लाइन एकच, मग माझ्याकडे येतं आणि हिच्याकडे कसं येत नाही? शेवटी एका दुपारी मी नाव न सांगता पाणीखात्यात फोन केला. पुढच्या पाण्याच्या दिवशी माणसं आली आणि मोटार काढून घेऊन गेली. माझ्या नळाला अशी धार लागली की बादली जागेवर ठरेना. टाकी भरली, पिंप भरलं, होती नव्हती ती भांडी भरली, आणि न्याय झाला म्हणून मी त्या रात्री समाधानानं झोपले.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी बसलं की भिंतीपलीकडून एक आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मध्ये थांबायचा आणि पुन्हा खर्र. मोटार नेल्याचा राग ही बाई मुद्दाम माझ्या ध्यानावर काढतेय, अशी माझी खात्री झाली. मी खिडकी लावून घेतली. तेवढ्यानं भागेना म्हणून फटीत उशी कोंबली. बसायचे श्वास पाहायला, आणि सगळा तास मंदाला काय काय बोलायचं याची जुळवाजुळव करण्यात जायचा.

पौर्णिमेची सकाळ होती. विहारात खीरदानाची पाळी माझी होती. दूध आटवायला ठेवून मी जरा बसले, आणि उशीला न जुमानता तो आवाज आलाच. मी फणफणत डोळे उघडले. तेवढ्यात पलंगावरून आई बोलली. जिच्या तोंडून कित्येक महिने 'पाणी' आणि 'बाई' याखेरीज धड शब्द निघाला नव्हता, ती छताकडे पाहत स्वच्छ म्हणाली, "कोणाचं तरी पाणी सरलंय गं पोरी. तळ खरवडायलेत."

ड्रमच्या तळाला पाणी काढायचा मग घासला की असाच आवाज होतो. मला तो ओळखू आला नव्हता. आईला आला, कारण तो तिनं जन्मभर ऐकला होता. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नसे. घागर घेऊन बाजूला बसायचं, आणि कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. ही गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितली होती, आणि ऐकताना माझे डोळे दरवेळी भरून यायचे. त्याच आईची लेक होऊन मी दुसऱ्या बाईचं पाणी तोडलं होतं, आणि वर तिला सोडून सगळ्या जगाचं मंगल चिंतत बसले होते.

आई त्यानंतर पुन्हा तसं वाक्य कधी बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी. होत असेल, मी वाद घालत नाही. त्या सकाळी मी गॅस बंद केला, दोन हंडे भरले आणि चढ चढून मंदाच्या दारात गेले. ती कमरेपर्यंत ड्रममध्ये वाकली होती. मला पाहून दचकली आणि पहिलं काय विचारलं, तर "आजीला बरं हाय ना?"

हंडे खाली ठेवायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मंदा, तुझी मोटार माझ्यामुळे गेली. फोन मी केला होता."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीतून ऐकू आलं. फोनवर लई मोठ्यानं बोलता तुम्ही."

"मग भांडायला का नाही आलीस?"

तिनं पदरानं हात पुसले. "राग आला होता की. नाय कसा येणार? पण तुमच्या दोरीवर रोज चार-चार चादरी दिसतात, ताई. म्हटलं, म्हातारीचं करायचं म्हणजे पाणी लागणारच."

ही बाई कधी आनापानाला बसली नव्हती. सकाळी डबे आणि लेकरांच्या वेण्या यांतून तिला डोळे मिटायला सवड कुठली? पण तिला माझी दोरी दिसत होती, आणि मला भिंतीपलीकडचा ड्रम ऐकू येत नव्हता. नाकानं कांदे सोलणं मी त्या दिवशी सोडलं. पूर्ण सुटलं असं नाही म्हणत, पण सोडलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी मुद्दाम तिच्या नळापाशी उभी राहिले. उताराच्या वरच्या टोकाचं, लाइनवरचं शेवटचं घर. माझ्याकडे बादली नाचत होती तेव्हा तिथं दोऱ्याएवढी धार होती, आणि थोड्या वेळात तीही तुटली. तेव्हापासून माझी टाकी अर्धी झाली की मी नळीचं टोक भिंतीवरून पलीकडे टाकते. आईच्या चादरी धुण्याइतकं मला पुरायचं, आणि मंदाचे ड्रम भरायचे.

आई हिवाळ्यात गेली. तिच्या जलदान विधीला, म्हणजे तिच्या नावानं पाणी सोडायला, माझ्या घरी पाणी होतं, तरी तांब्या घेऊन मी मंदाकडे गेले. मागायला जाताना आयुष्यात पहिल्यांदाच मला कमीपणा वाटला नाही. तिनं भरून द्यायला मग उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. "तुमच्या हातानं बुडवा, ताई. ड्रम काय परका हाय का?"

मी कोपरापर्यंत हात घालून तांब्या बुडवला. तिथंच, तिच्या न्हाणीत, मला रडू फुटलं.

विहारातले भन्ते गाथा म्हणत होते आणि मी तांब्यातलं पाणी हळूहळू वाटीत सोडत होते. वाटी भरली, खालच्या ताटात सांडायला लागली. मग डोळे मिटून मैत्री दिली. हल्ली ती भिंतीपासूनच सुरू होते. आधी मंदा, तिची लेकरं, तिचा तो ड्रम. मुंग्यांचा नंबर नंतर.