फोटोचं उजवं टोक

मलकापूरला गाडीतून उतरलो तिथेच माझं डोकं तापलं. हमालाने माझ्या कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी सरपणासारखी खांद्यावरून खाली आपटली आणि वर मलाच विचारलं, "काऊन (का) ओरडता साहेब, लाकूडच त हाये!" पुढे एस.टी.ने राजूरचा घाट चढून बुलढाणा आणि तिथून धाडच्या वाटेवरचं एक गाव. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली होती आणि तिच्या भिंतीवर सबंध गावाचा एकच लांबलचक फोटो लावायचा होता. सरपंच नानासाहेब पुण्याला पाहुण्यांकडे आले असताना त्यांनी माझ्या दुकानात तसला फोटो पाहिला होता. "टेकडीवरून अख्खं गाव दिसते. अख्खं घ्या," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. हा 'अख्खं' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

असा फोटो एका झटक्यात निघत नाही. तिकाटणी पक्की रोवायची, कॅमेरा डावीकडून उजवीकडे थोडा थोडा फिरवत एकेक फोटो घ्यायचा आणि प्रत्येकात मागच्या फोटोचा काही भाग पुन्हा येऊ द्यायचा. नाहीतर जोडणार कशाला? मी निम्म्यावर आलो आणि कुठूनसा एक ढग उपटला. अर्धं गाव उन्हात, अर्धं सावलीत! सगळी मेहनत पाण्यात गेली. चडफडत टेकडी उतरलो.

पायथ्याशी शेवंताबाई भेटल्या. गावाच्या उजव्या टोकाला बौद्ध वस्ती आहे, तिथल्या त्या. माझा चेहरा बघून त्यांनी आधी जेवायलाच बसवलं. कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची) आणि ठेचा. ठेचा असा की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि बाई खुशाल हसत बसल्या. समोरच वस्तीचं विहार होतं. सगळ्यांनी श्रमदान करून नुकतंच बांधलेलं, मातीच्या भिंती आणि वर कोरे करकरीत पत्रे.

मी पाणी पीत असताना त्यांनी विचारलं, "दादा, आमचं विहार येते काय फोटोत?"

"येतं की. शेवटच्या तुकड्यात."

"आमी बी गावातच राह्यतो ना? मंग गावाच्या फोटोत याले नाई पायजे काय?"

"यायलाच पाहिजे," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. काम मनासारखं झालं. शेवटच्या तुकड्यात विहाराचे पत्रे आणि त्यावरचा पंचशील झेंडा स्पष्ट आला.

धुलाई-छपाईसाठी चिखलीला एका ओळखीच्या स्टुडिओत अंधारी खोली मिळाली. खिडक्या कांबळ्यांनी बंद केलेल्या, आत भट्टीसारखं उकडत होतं. सगळे तुकडे एकाच द्रावणात काढावे लागतात, नाहीतर आभाळाला पट्टे पडतात. मग पात्याने कड कापायची, ती मागून घासून पातळ करायची, खळीने चिकटवायची आणि बारीक ब्रशाने शाई भरायची. बोटांची सालटी निघाली, पण शेवटी जोड कुठे आहेत ते मलाही सापडेना.

नानासाहेब बघायला आले. खूष झाले. आपला मळा शोधून काढला, विहीर शोधून काढली. मग त्यांचं बोट उजव्या टोकावर थांबलं.

"येवढं कापून टाका."

"का?"

"सुतारानं फ्रेम करून ठेवली ना. त्यात नाही बसत."

"मग डावीकडचं कापतो."

"डावीकडं आमचा मळा हाये!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "नानासाहेब, अख्खं गाव तुम्हीच सांगितलं होतंत. सगळे तुकडे लहान करून पुन्हा छापतो, तुमच्या फ्रेममध्ये बसवून देतो. पण कात्री लावणार नाही." त्यांनी खांदे उडवले. मी सगळं पुन्हा छापलं, पुन्हा जोडलं आणि फ्रेममध्ये बसवलं. ती फ्रेम ते घेऊन गेले, आणि मी जिंकलो असं समजून छातीही फुगवून घेतली.

उद्घाटनाला मला बोलावणं होतं. नारळ फुटला, हार झाले, भाषणं झाली. मग लोक आत शिरले. शेवंताबाई वस्तीतल्या चार-सहा जणांना घेऊन आल्या होत्या, सगळे धुतलेल्या कपड्यांत. भिंतीवर फोटो होता. अख्खा होता. आणि त्याच्या बरोबर उजव्या टोकासमोर दप्तराचं उंच लोखंडी कपाट उभं होतं. बाकीच्या तिन्ही भिंती रिकाम्या!

मी काय बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "कपाटाची जागा तीच हाये."

शेवंताबाईंनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "जागा असंन. पण कपाटाच्या मांगं आमी आहो ना, नानासाहेब." मग वळून म्हणाल्या, "धरा रे!"

कपाट जड होतं. नव्या फरशीवर त्याचे पाय कर्रकन वाजले, रेघा उमटल्या. मीही हात लावला. उद्घाटनाला आलेले पाहुणे चहाचे कप हातात धरून बघत राहिले. फोटोतलं विहाराचं छप्पर दिसलं तेव्हा वस्तीतला एक म्हातारा अगदी जवळ गेला आणि पुष्कळ वेळ तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी धाडला बाजार होता, तिथून मला एस.टी. धरायची होती. शेवंताबाई मिरच्या विकायला आल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, ते कपाट परत ठेवतील हो."

"ठेवतीन त," त्या मिरच्या पसरत म्हणाल्या. "मंग परत सरकवू."

त्या फोटोची दुसरी प्रत मी पुण्यात माझ्या दुकानात लावली आहे. गिऱ्हाइकं जवळ जाऊन जोड शोधतात, सापडत नाहीत म्हणून वाहवा करतात. मी त्यांना उजव्या टोकाचं छप्पर दाखवतो आणि कपाटाची हकिकत सांगतो. इतकी वर्षं झाली, सांगताना आवाज अजून चढतो. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो, जाऊ द्या, जुनी गोष्ट." मी त्यांचा फोटो काढला नाही.